पुढच्या गावाचे प्रयोजन

सरकारी अधिकारी दौऱ्याहून परतला की त्याला प्रवासभत्त्याचे देयक भरावे लागते. कोठून निघालो, कोठे पोचलो, अंतर किती, वाहन कोणते, हे रकाने भरून झाल्यावर एक रकाना उरतो. तो प्रवासाच्या प्रयोजनाचा. तो कोरा राहिला तर लेखाशाखा देयक परत पाठवते. आमच्या नोकरीचा बराच काळ अशी देयके भरण्यात आणि इतरांची तपासण्यात गेला. त्यामुळे असेल, पण निवृत्तीनंतर मराठी प्रवासवर्णने सलग वाचू लागलो तेव्हा आमची नजर प्रथम याच रकान्याकडे गेली. लेखक काय पाहिले, काय खाल्ले, कोण भेटले हे तपशिलाने सांगतो. मात्र एवढे जग पसरलेले असता आपण नेमके याच गावी का आलो, आणि येथून उठून पुढे त्याच गावी का निघालो, याविषयी तो बहुधा मौन पाळतो.

सहकुटुंब निघालेल्याचे मौन आम्ही समजू शकतो. तेथे निवड वाटून घेतलेली असते. यात्रा कंपनीबरोबर जाणाऱ्याची तर ती आधीच छापून आलेली असते. एकट्या भटकणाऱ्याचे तसे नाही. उद्या कोठे जायचे हे त्याला रोज स्वतःच ठरवावे लागते, आणि त्या निर्णयात त्याचा सारा स्वभाव उतरतो. म्हणून एकट्याच्या प्रवासवर्णनाची परीक्षा, आमच्या मते, स्थलवर्णनावर करू नये. दोन स्थळांमधल्या निर्णयावर करावी.

या रकान्यात प्रामाणिक नोंद कशी असते, त्याचा नमुना म्हणून वरसईच्या विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ पाहावे. १८५७ साली ते निघाले ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार, ही वार्ता कानावर आली होती. गोडसे एकटे नव्हते, चुलते बरोबर होते. परंतु चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाची विश्वसनीयता बरीचशी या उघड प्रयोजनावर उभी आहे. द्रव्यासाठी निघालेला भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडतो आणि अखेरीस गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो. प्रयोजन आरंभीच कळल्यामुळे ते वाटेत कसे बदलत गेले, हेही वाचकाला दिसते.

आता खऱ्या एकट्याकडे वळू. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या पहिल्या भागाला ‘एकांक’ म्हणतात. पूर्वार्धात आणि उत्तरार्धात चक्रधरस्वामींभोवती शिष्यमंडळ आहे. एकांकात ते एकटे आहेत. भडोचचा प्रधानपुत्र रामटेकच्या यात्रेला म्हणून निघतो, ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंना भेटतो, आणि त्यानंतर रामटेकचे प्रयोजन गळून पडते. पुढे सालबर्डीचा डोंगर, अरण्ये, अनोळखी गावे. कोठे जायचे याचा संकल्प या भागात क्वचितच दिसतो. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा त्यांच्या आश्रयाला येतो ती प्रसिद्ध लीळा याच भागातली. ठरलेल्या मुक्कामाच्या घाईत असलेल्या माणसाकडे तो ससा थांबला असता, असे आम्हांस वाटत नाही.

याच भ्रमंतीत स्वामी आंध्रदेशी आले. ओरंगल येथे, म्हणजे आजच्या वरंगळला, एका घोडेव्यापाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, काही काळ ते तेथे राहिले आणि मग ते सारे सोडून निघाले, असे परंपरा सांगते. आम्हां तेलंगणवासी मराठी वाचकांना या कथेचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. परंतु केशिराजबासांनी संकलित केलेल्या ‘सूत्रपाठा’तील आचारसूत्रे पुढे ठेवली की हे अप्रूप अडखळते. कानडदेशी आणि तेलंगदेशी जाऊ नये, महाराष्ट्रातच असावे, असा तेथे साधकांना स्पष्ट आदेश आहे. कारणेही दिली आहेत: ते देश विषयांनी समृद्ध आहेत, आणि तेथे तपस्व्याला मान मिळतो.

या सूत्राचा उल्लेख झाला की आपल्या मंडळींत एक तर हशा पिकतो, नाहीतर थोडे वाईट वाटते. ज्या देशी जाऊ नये म्हणून सांगितले, तेथेच आपल्या पूर्वजांनी घरे बांधली. आम्हांस या सूत्रात तेलंगदेशाची निंदा दिसत नाही. दुसरे कारण पुन्हा वाचावे. जेथे अवहेलना होईल तेथे जाऊ नका, असे सूत्र म्हणत नाही. जेथे मान मिळेल तेथे जाऊ नका, असे म्हणते. तेलंगदेशाच्या आतिथ्याचे एवढे स्वच्छ प्रमाणपत्र जुन्या मराठीत अन्यत्र आमच्या वाचनात नाही. ओरंगलचा घरसंसार ध्यानात घेतला तर हे कारण ऐकीव नव्हते, स्वानुभवाचे होते, असे अनुमान करण्यास जागा आहे. पंथीय अभ्यासक म्हणतील की अवताराची लीळा आणि साधकाचा नियम यांची सरमिसळ करू नये. ते मान्य करूनही प्रश्न उरतो: नियमाचे कारण इतके नेमके कसे?

सूत्रपाठ एवढ्यावर थांबत नाही. स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा, आप्तांचा तर विशेषेकरून सोडावा, असेही तो सांगतो. म्हणजे देश महाराष्ट्र, परंतु गाव आपले नको, घर ओळखीचे नको. दोन सूत्रांमध्ये ताण आहे. महाराष्ट्राच्या सात्त्विकतेचा दाखला देऊन परंपरा तो सोडवते. आम्हांस मात्र त्यातून प्रवासाचा एक निकष हाती लागतो. पुढचे गाव आकर्षणाने निवडू नये, ओळखीनेही निवडू नये; जेथे आपले वजन शून्य असेल ते गाव निवडावे. पुढे पंथानेच ही सीमा ओलांडली. महानुभाव पंजाबात पोचले आणि तेथे जयकृष्णी म्हणून ओळखले गेले. सीमा गेली तरी निकष निरुपयोगी झाला नाही.

निकष विसरला की काय उरते, याचेही उत्तर याच परंपरेत आहे. ‘स्थानपोथी’त स्वामींनी जेथे जेथे वास्तव्य केले त्या स्थळांची दिशांसह तपशीलवार नोंद आहे. भूगोलाच्या आणि वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाला ती अमोल आहे, आणि भक्ताच्या दृष्टीने तर पूज्यच. तथापि एकट्याने न ठरवता केलेली वाट पुढच्यांसाठी ठरलेली यात्रा झाली, ही गोष्टही नाकारता येत नाही. प्रत्येक चांगल्या प्रवासवर्णनाच्या नशिबी हेच येते: ते वाचून माणसे लेखकाची स्थळे उचलतात, त्याचा निर्णय उचलत नाहीत.

आधुनिक काळात गो. नी. दाण्डेकरांनी या पेचातून वेगळी वाट काढली. लहानपणीच घर सोडलेल्या या लेखकाने नर्मदा परिक्रमा केली आणि तिच्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. परिक्रमेचा नियम असा की नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, आणि मिळेल त्या भिक्षेवर राहायचे. नर्मदेची लांबी सुमारे १३०० किलोमीटर. दोन्ही तट मिळून चाल त्याच्या दुपटीची. येथे ‘पुढे कोठे’ हा प्रश्नच नदीवर सोपवलेला आहे. त्यामुळे लेखकाचे लक्ष माणसांसाठी मोकळे राहते. शीर्षकातला ‘कुणा एका’ हा शब्दही आम्हांस महत्त्वाचा वाटतो. नाव टाकून निघालेला माणूस आणि एकांकातला एकटा यांचे नाते जवळचे आहे.

डॉ. मीना प्रभू यांची रीत याच्या अगदी उलट. १ मार्च २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा एकटीने जग हिंडणारी मराठी लेखिका गेली अशी हळहळ व्यक्त झाली आणि ती यथार्थ होती. ‘दक्षिणरंग’, ‘चिनीमाती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही नावेच सांगतात की त्यांचा एकक देश वा प्रदेश होता. आधी भूमी ठरायची, मग तिचा इतिहास, आणि त्या चौकटीत माणसे. वयाचा आणि भाषेचा अडसर न मानता एकटीने परक्या देशात शिरण्याचे त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. तरी चिकित्सकाने विचारावे की चीननंतर तुर्कस्तान का, त्यानंतर इराण का? ग्रंथांमधल्या या मोकळ्या जागेत कोणते कुतूहल काम करीत होते, हे कळते तर त्या थोर भटकंतीचा आलेख आपल्याला अखंड दिसला असता. ही उणीव एकट्या त्यांची नव्हे, संपूर्ण प्रकाराचीच आहे.

आता स्वतःकडे पाहू. आपल्या पिढीतील निवृत्तांचे प्रवास दोन प्रकारचे: यात्रा कंपनीने ठरवलेले आणि नातेवाइकांनी ठरवलेले. नागपूर, नांदेड, पुणे, हैदराबाद; जेथे मुलगी, जेथे मेहुणा, तेथे आपण. आप्तसंबंध विशेषेकरून सोडावा असे सांगणारे सूत्र आपल्याइतके दुसऱ्या कोणी मोडले नसेल. आणि हाकेच्या अंतरावरचे परके राहून जाते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि त्यातच माहूर. म्हणजे दत्तात्रेयांचे माहूर आपल्या आजोबांच्या जिल्ह्यातले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. सीमा एवढ्या वेळा हलल्या, पण आपली पावले ठरलेल्या घरांकडेच वळत राहिली. माहूरची रेणुका आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कुलस्वामिनी. केसलापूरचा नागोबा मात्र आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? दर पुष्य अमावास्येला तेथे मेस्राम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी अनवाणी चालत आणून पूजा बांधतात. तेथे आपली ओळख लागत नाही, आपली पाटीलकी चालत नाही. वरील निकषाप्रमाणे पुढचे गाव निवडायचे तर ते असे निघते.

आपल्या पत्रिकेकडे दर अंकाला दोन-तीन प्रवासलेख येतात आणि ते प्रेमाने छापले जातात. लेखकांना आमची एवढीच विनंती आहे की स्थळाचे वर्णन दोन परिच्छेदांनी कमी केले तरी चालेल, परंतु तेथे का गेलो हे एका वाक्यात लिहावे. कर्ज होते, नवस होता, जावई तेथे बदलून गेला होता, घरात करमत नव्हते. कारण कितीही साधे असो, ते लाजिरवाणे नाही. गोडसे भटजींनी ते लिहिले, म्हणून सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही आपण त्यांच्याबरोबर चालू शकतो.