शारदेचें गोत्र

गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. सव्वाशे वर्षें लोटलीं, तरी जुन्या-नव्या पिढ्यांच्या मतभेदाचा विषय निघाला कीं आम्हां मराठी माणसांस आधीं तेंच आठवतें. गतवर्षीं वैजापुरास वर्गांत तें वाचीत असतां एका विद्यार्थिनीनें असा प्रश्न केला कीं, इतकीं वर्षें शिकवूनहि तो मला सुचला नव्हता. “सर, दोघांचें गोत्र निराळें निघालें असतें तर?”

प्रश्न साधा, पण नाटकाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास कोंवळी मुलगी विकावयास कांचनभट सिद्ध झालेला. तरुण कोदंड त्याविरुद्ध जिवाचें रान करतो. आणि लग्न मोडतें तें कशानें? कोदंडाच्या युक्तिवादानें नव्हे, शारदेच्या अश्रूंनीं तर नव्हेच. वधूवर सगोत्र आहेत, एवढ्यानें! पुढें शारदा कोदंडाची होते, त्यालाहि शंकराचार्यांची संमति लागते. नव्या पिढीचा जय झाला खरा, पण जुन्या पिढीच्या न्यायासनापुढें व तिच्याच नियमांनीं.

ह्याला मी पूर्वीं देवलांचें चातुर्य म्हणत असें. अजूनहि थोडेंबहुत म्हणतों. मुलीचें संमतिवय दहाचें बारा करण्यावरून १८९१ सालीं महाराष्ट्रांत केवढें रण माजलें होतें, आणि त्यास अवघीं आठ वर्षें झालेलीं. अशा प्रेक्षकांपुढें शास्त्राचेंच शस्त्र उपसल्यावर कोणा शास्त्रीबोवांनीं तक्रार करावी? परंतु ह्या चातुर्याची किंमत नाटकास द्यावी लागली आहे. भुजंगनाथास विषयलंपट व कांचनभटास द्रव्यलोभी केलें, तेव्हांच खरा तंटा संपला. लोभ हें कोणत्याच पिढीचें मूल्य नव्हे. त्याचा धिक्कार आजोबा व नातू एकाच बांकावर बसून करूं शकतात. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० पासून ‘करमणुकीं’त ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ लिहिली, तींत यमूच्या साहाय्यास कोणाचें गोत्र धांवून येत नाहीं.

माझी आजी नवव्या वर्षीं लग्न होऊन वैजापुरास आली. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. पुढें १९२९ सालीं हरबिलास सारडांचा बालविवाहप्रतिबंधक कायदा झाला (आमचे कित्येक लोक तो देवलांच्या शारदेचाच समजतात!), पण तोहि ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. कॉलेजांत असतां मीं आजीला हें नाटक वाचून दाखविलें. म्हाताऱ्या नवऱ्याच्या फजितीला ती मनमुराद हंसली. पण डोळ्यांना पदर लावला तो शारदेच्या आईसाठीं. “तिला कुणी विचारलंच नाही रे,” एवढेंच म्हणाली. माझ्या वडिलांस मात्र कोदंडाखेरीज नाटकांत कोणी दिसतच नसे.

आज आमच्या भागांत जो बाप मुलीचें लग्न लवकर उरकतो, तो बहुधा कांचनभट नसतो. पाऊस दगा देतो. पोर एस्‌टीनें कॉलेजास जाऊन परत येईतों घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. मुलगी जितकी शिकेल तितका हुंडा चढेल, ही धास्ती निराळीच. मुलीच्या लग्नाचें वय १९७८ पासून कायद्यानें १८ आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचीं लग्नें त्याआधींच झालेलीं आढळलीं. हा बाप मुलीवर माया करतो, आणि मायेनेंच तिचें शिक्षण थांबवितो. त्याच्याशीं कसें बोलावें, हें ‘शारदा’ सांगत नाहीं. कारण तो त्या नाटकांत नाहींच.

त्या मुलीला मीं उत्तर दिलें, “मग लग्न लागलें असतें.” वर्ग हंसला, ती हंसली नाहीं. आठवड्यानें ती एकटीच मजकडे आली व वडिलांशीं बोलावयास चला म्हणाली. मी गेलों. गृहस्थ अगत्यशील, त्यांनीं खुर्ची दिली, चहा सांगितला. मीं कायद्याचा विषय काढतांच ते आंत गेले आणि तिचा जन्मदाखला घेऊन आले. मागील महिन्यांतच तिला अठरा पूर्ण झालीं होतीं. माझ्याजवळ दुसरें कांहीं बोलावयाचें तयार नव्हतें. चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मी निघालों. ती दारांत उभी होती.