बँडपुढे उभी राहिलेली बाई

१९३५ ते १९४५च्या सुमारास अमेरिकेतील नाचगृहे स्विंग संगीताने गाजत होती. बँडपुढे उभा राहणारा बहुधा पुरुषच असे. त्या काळातील एका स्त्रियांच्या बँडवर ग्रेटा शिलर आणि अँड्रिया वाइस यांनी १९८६ साली माहितीपट केला. त्याचे नाव बँडचेच: ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’. तो आमच्या वाचकांनी जरूर पाहावा. मात्र एक तक्रार नोंदवून.

मिसिसिपीतील पायनी वुड्स या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने निधीसाठी हा बँड काढला. १९४१ साली मुली शाळेपासून वेगळ्या झाल्या आणि अ‍ॅना मे विनबर्न बँडच्या प्रमुख झाल्या. दक्षिणेत हॉटेले थारा देत नसत, म्हणून झोपणे बसमध्येच. १९४३ साली रॉझ क्रॉन ही गोरी ज्यू मुलगी सॅक्सोफोन वाजवायला आली. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला चेहऱ्यावर सावळा रंग लावावा लागे. १९६४ पर्यंत इस्रायलमध्ये आपल्याच लोकांना ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असे विचारले गेले. वरच्या रंगावरून आणि कागदावरून माणूस ठरवणे काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या स्त्रिया स्वतः बोलतात, हे चित्रपटाचे मोठे बळ. टायनी डेव्हिस यांचा ट्रंपेट ऐकून तर आम्ही थक्क झालो. तक्रार आहे ती विनबर्नबाईंविषयी. सुंदर पोशाखात हातवारे करणारी गायिका, एवढीच त्यांची छबी मनात उरते. वास्तविक त्याआधी ओमाहा येथे त्यांनी पुरुषांचा बँड चालवला होता, आणि गिटारवादक चार्ली ख्रिश्चन त्यात वाजवून गेला होता. दिसण्यावर एवढे निभत नाही.

आम्ही परिचारिकेचे काम केले. वॉर्डची सिस्टर प्रत्येक इंजेक्शन स्वतः देत नाही; पण ती रजेवर गेली की तिचे काम काय होते ते सर्वांना कळते. निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुली, लांबचे प्रवास, १९४५ सालचा सैनिकांसाठीचा युरोप दौरा, एवढे सगळे एका तालात ठेवणे हेही वाजवणेच आहे. १९४९च्या सुमारास मूळ बँड मोडला, तरी विनबर्नबाईंनी पुढे आपल्या नावाने नवा बँड उभा केला.

अर्ध्या तासात सारे बसत नाही, हे खरे. तरी ज्या बाईने बँड सांभाळला तिला शोभेची म्हणून सोडून देणे, ही चूक आपल्याही घरांत होते. आपल्या आज्या हयात आहेत तोवर त्यांनी काय काय चालवले, ते मुलांनी विचारून घ्यावे.