म्हणीचा रोख

मंडळी, आता संग्रहांकडे वळू. मॅन्वेअरिंग यांचं ‘मराठी प्रोव्हर्ब्ज’ १८९९चं, म्हणी विषयवार लावलेल्या. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ आणि १९४७चा. दोन्ही कामं मोलाची. पण आमचा आक्षेप असा, की म्हण मिळते, अर्थ मिळतो. कोण कोणाला म्हणालं, ते बहुधा मिळत नाही. ‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हणच सांगते की बोलणं एकीशी, रोख दुसरीवर. मग ऐकणारी सून वगळून अर्थ पुरा कसा होईल? आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू शेजारी नांदतात. तेलुगू घरातली आजी मराठी म्हण नातवाला ऐकवते की शेजारणीला, यावर तिचा रोख ठरतो. म्हण टिपताना तेवढं विचारून घ्या. आज्या आहेत तोवरच ते कळेल.