काळं तोंड म्हणजे अस्सल कडकनाथ? 1911 चा पेपर आज वाचताना

बारामती-इंदापूरकडे परसातल्या कोंबड्यांची पाहणी करायला गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडेल: "तोंड बघा की, काळंकुळकुळीत हाय. अस्सल कडकनाथ!" भावही त्या तोंडावरच ठरतो. आपण संशोधक तरी वेगळं काय करतो? फॉर्मवर 'चेहऱ्याचा रंग' असा एक रकाना आणि शेवटी टक्केवारीचा तक्ता. माझा पहिला फॉर्म अगदी असाच होता. त्यात नर-मादीची नोंद नव्हती, आई-बापाची तर नव्हतीच. तो का फेकून द्यावा लागला, हे मला बेटसन आणि पनेट यांच्या 1911 च्या पेपरनं शिकवलं.

त्यांनी काळ्या कातडीची सिल्की आणि फिकट कातडीची ब्राउन लेगहॉर्न यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला. सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर घेतला, तर सगळी पिल्लं फिकट निघाली, काळेपणा जेमतेम. उलट सिल्की नर आणि लेगहॉर्न मादी घेतली, तर नर पिल्लं फिकट, पण माद्या गडद काळ्या!

कारण इथे दोन जनुकं काम करतात. एक काळेपणा आणणारं, प्रभावी. दुसरं त्वचेतला काळा रंग दाबणारं, तेही प्रभावी, पण झेड गुणसूत्रावर बसलेलं. कोंबड्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एकच, आणि तो तिला बापाकडून मिळतो. बाप सिल्की असेल तर मुलींकडे रंग दाबणारं जनुक येतच नाही.

आता हे आपल्या अंगणात आणा. एखादीनं कडकनाथचा कोंबडा आणून गावरान कोंबड्यांत सोडला. त्या कोंबड्यांत रंग दाबणारं जनुक असेल, तर तलंगा काळ्या तोंडाच्या आणि नर फिकट होणार. मग फिकट नर 'भेसळ' म्हणून आधी विकले जातात आणि काळ्या तलंगा 'अस्सल' म्हणून जास्त भावानं जातात. दोघं सख्खी भावंडं, दोन्ही निम्मी गावरान! नुकसान होतं ते पैसे मोजून पैदाशीसाठी तलंगा नेणाऱ्याचं. पुढच्या पिढीत रंग फुटतो आणि दोष खाद्यावर नाहीतर हवेवर जातो.

बरोबर शंभर वर्षांनी, 2011 मध्ये, डॉर्शोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी काळेपणाचं मूळ दाखवलं: 20 व्या गुणसूत्रावर डीएनएचे दोन मोठे तुकडे दुप्पट झालेले, त्यातल्या एकात ईडीएन3 हे जनुक. त्यामुळे भ्रूणात रंगपेशी जास्त वाढतात. पेपर भक्कम आहे. माझी तक्रार तो वाचणाऱ्यांबद्दल आहे. 'पक्षी काळा का?' याचं उत्तर तिथे मिळतं. 'जात शुद्ध आहे का?' हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. ही दुप्पट झालेली जागा सापडली म्हणून पक्षी कडकनाथ ठरत नाही. एकच प्रत असलेला संकरही काळा दिसू शकतो, आणि दोन्ही प्रती असल्या तरी तो एका जागेचा पुरावा झाला, सगळ्या जनुकसंचाचा नाही.

1911 च्या पेपरलाही मर्यादा आहे. त्यांच्या पक्ष्यांचे आई-बाप माहीत होते. भिगवण किंवा सुप्याच्या खुराड्यातल्या कोंबड्याचा बाप कोण, हे कोण सांगणार? तिथे पुस्तकी प्रमाणं शोधू नका.

म्हणून फॉर्म छापण्याआधी एवढं करा. नर-मादी आणि वय लिहा. कोंबड्याचा तुरा वयात येताना लालसर होतो, तेव्हा तुरा आणि चेहऱ्याची कातडी वेगळी नोंदवा. पायाचा रंग घ्या. कोंबडा बाहेरून आणला का, कधी आणला, हे मालकिणीला विचारा. आणि तक्ता नर-मादी वेगळे ठेवूनच करा. दोघांची बेरीज केलीत, तर जी गोष्ट शोधायला गेलात तीच त्या बेरजेत बुडेल.