आईला न ओळखणारा मुलगा

अझूझ बेगाग यांची ‘ल गोन द्यु शाआबा’ ही आत्मकथनपर कादंबरी १९८६ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. ‘गोन’ म्हणजे ल्यों शहराच्या बोलीत पोर. ‘शाआबा’ हे शहरालगतच्या व्हिल्यरबान येथील एका झोपडवस्तीचे नाव. तेथे वीज नाही, घरात नळ नाही. एका हातपंपावर साऱ्या वस्तीची तहान आणि बायकांची भांडणे. अल्जीरियातील सेतीफ भागातून पोटासाठी आलेल्या निरक्षर आईबापांचे पोर १९६० नंतरच्या दशकात फ्रेंच शाळेत जाते, एवढाच कथाभाग. परंतु स्थलांतरितांच्या मुलांचा स्वाभिमान हा विषय ज्यांना व्याख्यानातून नव्हे, तर माणसातून समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. तिचा आरंभ अभिमानापासून होत नाही, लाजेपासून होतो.

वर्गात वरचा क्रमांक मिळवावयाचा, असा निश्चय करून अझूझ मागील बाकावरून पुढील बाकावर येऊन बसतो व यशस्वीही होतो. तेव्हा मुसावी व त्याचे सोबती त्याला बजावतात की, तू अरबच नव्हेस. अरब मुले शेवटच्या क्रमांकावर असतात, तू मात्र फ्रेंचांत गेलास. मुलापाशी उत्तर नाही. पुढे कुटुंब शहरात राहावयास येते. नव्या शाळेत ताबूल नावाची दोन ज्यू मुले त्याचे मित्र होतात आणि त्यांच्यासमोर तो स्वतःलाही ज्यू म्हणवून घेतो. एके दिवशी शाळेबाहेर आई उभी असते, आपल्या गावाकडच्या वेशात. ही बाई कोण म्हणून मित्र विचारतात. मुलगा म्हणतो, आपण तिला ओळखत नाही.

पेत्राचा आंगणातील प्रसंग येथे कोणालाही आठवेल. मला मात्र ती तुलना इतक्या सहजासहजी करू नये असे वाटते. पेत्र जाणता होता. त्याने आपल्या इच्छेने अनुसरण पत्करले होते. या मुलाला नाकारावयास कोणी शिकविले? ज्या वर्गात स्वच्छता आणि सभ्यता यांचे धडे नेहमी दुसऱ्याच्या घरातून येतात, त्या वर्गाने. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण लेकरांना पाठ करवितो. ती पाळणे लेकराला अशक्य करणाऱ्यांचा दोष कोणत्या पापनिवेदनात येतो, हे आपण क्वचितच विचारतो.

मुलाची सुटका करतात ते लुबों नावाचे शिक्षक. ते अल्जीरियात जन्मलेले फ्रेंच. काडेपेटीतील काडीला तुमच्या घरी काय म्हणतात, असे ते विचारतात. मुलगा उत्साहाने जो शब्द सांगतो तो फ्रेंच शब्दाचेच अपभ्रष्ट रूप असते. खरा अरबी शब्द त्याला शिक्षकाकडून कळतो. परप्रांतात वाढलेल्या मराठी वाचकाला या प्रसंगातील गोडी आणि बोच समजावून सांगण्याची गरज नाही.

हे पुस्तक एकाकी नाही. १९८३ च्या जून महिन्यात ल्योंजवळच्या मँगेत वसाहतीत तुमी जैजा हा तरुण पोलिसांच्या गोळीने जखमी झाला. त्याने सूड मागितला नाही. त्याच्या सोबत्यांनी व त्याने, वस्तीत काम करणारे धर्मगुरू क्रिस्त्याँ दलोर्म आणि पास्टर झाँ कोस्तिल यांच्या साहाय्याने, १५ ऑक्टोबरला मार्सेयहून पदयात्रा काढली. गांधी व मार्टिन ल्यूथर किंग यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये सुमारे एक लाख लोक त्यांच्याबरोबर चालत होते. राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांनी प्रतिनिधींची भेट घेतली आणि परकीयांना दहा वर्षांचा रहिवास परवाना देणारा कायदा १९८४ साली झाला. वृत्तपत्रांनी मात्र या यात्रेस ‘बर’ मुलांची यात्रा केले. ‘बर’ म्हणजे ‘अरब’ या शब्दाची फ्रेंच रूपातील अक्षरे उलटवून घडविलेला शब्द. समतेची मागणी अशी एका जमातीच्या नावात कोंडली गेली. पुढे पुष्कळ तरुणांना ते नाव नकोसे झाले.

बेगाग यांच्या कादंबरीत उणिवा आहेत. बहिणी जवळजवळ मुक्याच राहतात. मुसावीला शाळेतून काढून टाकले जाते आणि कथा त्याला तेथेच सोडून अझूझबरोबर पुढे जाते. जणू हुशार मुलाला मिळालेली वाट हीच सर्वांची वाट! लेखक स्वतः समाजशास्त्रज्ञ झाले आणि २००५ साली समान संधी खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी शरद ऋतूत उपनगरे पेटली, त्यांत मुसावीचीच भावंडे होती असे म्हणावे लागते. गृहमंत्री सार्कोझी यांच्या कठोर भाषेवर बेगाग यांनी तेव्हा उघड आक्षेप घेतला, हे नमूद केले पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाने एक छोटा शब्दसंग्रह जोडला आहे. त्यात ल्योंच्या पोरांचे शब्द आहेत आणि बापाच्या, बुझीदच्या, फ्रेंचची फोडही आहे. अरबीत ‘प’ नाही, ‘व्ह’ नाही. म्हणून बापाच्या तोंडी पोलिसांचे ‘बुलिसिया’ होते. आईला न ओळखणाऱ्या त्या मुलाने बापाचे हे उच्चार एकेक करून, व्याकरणकाराच्या काळजीने नोंदविले आहेत.