आभासी निदान : एका प्रयोगाची चिकित्सा

डोहर्टी व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये केलेल्या प्रयोगात, समुद्रतळाशी सापडलेले भांडे दोन बेटांपैकी कोणत्या बेटावरचे हे ठरवायचे होते. अनेकांनी आपल्याला संभाव्य वाटलेल्या बेटाचीच माहिती मागितली; तेच वैशिष्ट्य दुसऱ्या बेटावर किती आढळते, हे पाहिले नाही. ताप हिवतापात येतो तसा डेंग्यूतही येतो. केवळ तापावरून दोहोंत भेद होत नाही. हा निष्कर्ष मौलिक आहे. मात्र येथे माहितीचे पर्याय संशोधकांनीच आखून दिले होते. प्रत्यक्षात कोणता प्रश्न विचारावा, हेच वैद्याला शोधावे लागते. चाचणीला पैसाही लागतो. म्हणून या प्रयोगावरून वैद्याच्या विवेकाचे मोजमाप करणे घाईचे ठरेल. तथापि, उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याविषयी मत बनविणाऱ्या आपणा अध्यापकांनी, त्याच चुकीचे दुसरे कारण संभवते काय, हे तपासणे अगत्याचे आहे.