ही रेघ कोणाची?

गेल्या वर्षी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या काही मुलींनी लासलगावच्या बाजारातील कांद्याच्या भावांचा अभ्यास मांडला होता. बाजार समिती रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर जाहीर करते. मुलींनी वर्षभराचे सर्वसाधारण दर उतरवून घेतले होते, त्यांची महिनावार सरासरी काढली होती आणि शाळेच्या संगणकावर पायथॉन भाषेत छोटीशी आज्ञावली लिहून रेषालेख काढला होता. एक रेषा लाल कांद्याची, दुसरी उन्हाळ कांद्याची. ज्या महिन्यांत माल नाही तेथे रेषा तोडलेली. शीर्षक होते, अक्षांना नावे होती, 'रुपये प्रति क्विंटल' हे एककही विसरले नव्हते. कोपऱ्यात चौकट करून सूची दिली होती : निळी रेषा लाल कांद्याची, नारिंगी रेषा उन्हाळ कांद्याची. मी समाधानाने गुण मांडले आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

तेवढ्यात प्रदर्शन पाहायला आलेले एक शेतकरी पालक आलेखापाशी थांबले. त्यांनी बोट ठेवून विचारले, "पोरी, जुलैत लाल कांदा कुठून आणलास?"

मुलगी गोंधळली. "काका, संगणकानं काढलंय ते," एवढेच ती म्हणाली. पण प्रश्न बिनतोड होता. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतो, त्याच्या पाठोपाठ रांगडा येतो. हा कांदा फार दिवस टिकत नाही. मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा निघतो, तो चाळीत साठवता येतो आणि पावसाळाभर थोडाथोडा विकला जातो. म्हणजे जुलैतला कांदा उन्हाळच असणार. रेषा बरोबर होत्या, आकडे बरोबर होते. नावांची मात्र अदलाबदल झाली होती. उन्हाळ कांदा निघताच विकावा की चाळीत ठेवावा, हे ठरवण्यासाठी कोणी त्या आलेखाकडे पाहिले असते तर त्याला उन्हाळची रेषा पावसाळ्यात सापडलीच नसती. आणि 'विज्ञानाचा' परीक्षक असलेल्या मला हे दिसले नव्हते. सूची आहे एवढे पाहून मी तिचे गुण देऊन टाकले होते.

त्या दिवसापासून सूचीकडे मी जरा संशयाने पाहू लागलो आहे. तो संशय शिक्षकमित्रांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

चूक कोठे झाली?

आम्ही मुलींबरोबर बसून आज्ञावली वाचली. दोन प्रकारच्या कांद्यांच्या दोन फायली होत्या. संगणकाने त्या नावांच्या अक्षरक्रमाने लावल्या. 'उ' हा 'ल'च्या आधी येतो, म्हणून उन्हाळची रेषा आधी काढली गेली आणि तिला पहिला रंग, निळा, मिळाला. सर्वांत शेवटी मुलींनी सूची काढण्याची आज्ञा दिली होती आणि तिच्यात नावांची यादी हाताने लिहिली होती : आधी लाल, मग उन्हाळ. बोलताना आपण याच क्रमाने बोलतो. संगणकाने यादीतले पहिले नाव पहिल्या रेषेला दिले, दुसरे दुसरीला. सांगितलेले काम त्याने चोख केले. कोणत्या रेषेत कोणता कांदा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मुलींनी वापरलेला आलेख काढण्याचा संच मॅटप्लॉटलिब या नावाचा आहे. जॉन हंटर या मेंदूविज्ञानातील संशोधकाने तो तयार केला आणि २००३ मध्ये तो प्रथम खुला झाला. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत-लहरी पाहण्यासाठी हंटर यांना असे साधन हवे होते. म्हणजे त्यांच्यापुढेही काळाबरोबर बदलणाऱ्या आकड्यांच्या मालिकाच होत्या, ज्यांना आपण कालश्रेणी म्हणतो. या संचात सूची दोन रीतींनी काढता येते. पहिली रीत मुलींनी वापरली ती : आधी सगळ्या रेषा काढायच्या, शेवटी नावांची यादी द्यायची. दुसऱ्या रीतीत रेषा काढण्याच्या आज्ञेतच 'लेबल' म्हणून तिचे नाव लिहायचे. मग शेवटी 'लेजंड' ही आज्ञा रिकामीच द्यायची. ती ज्या त्या रेषेचे नाव गोळा करून चौकट भरते.

वरवर पाहता दोन्ही रीती सारख्या. निकालही बहुधा सारखाच. फरक दिसतो तो काही बदलले की. फायलींचा क्रम बदलला, मध्येच तिसरी रेषा घातली, एखादी गाळली, तर पहिल्या रीतीत नावे निमूटपणे घसरतात आणि संगणक 'चूक' म्हणून काही दाखवत नाही. दुसऱ्या रीतीत नाव रेषेला बांधलेले असल्यामुळे रेषा जाईल तेथे नावही जाते. यात्रेत लहान मुलाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवतात, ती त्याच्याच खिशात ठेवावी लागते. दहा मुलांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मास्तरांच्या पिशवीत असून उपयोग नाही. शाळेत आज्ञावली शिकवताना पहिली रीत शिकवूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बरोबर सूचीचाही जाच

आता नावे बरोबर पडली असे समजू. तरीही सूचीने वाचकाचे काम सोपे होतेच असे नाही. आपण स्वतःकडे लक्ष देऊन पाहा : डोळा रेषेवर असतो, तेथून तो चौकटीकडे जातो, रंग शोधतो, नाव वाचतो, परत येतो, तोवर रंग विसरलेला असतो. दोन रेषा असतील तर हे चालते. सहा झाल्या की आलेख वाचणे बाजूला राहते आणि जोड्या लावण्याचा प्रश्न सुरू होतो.

गंगापूर धरणातील पाणीसाठ्याचे उदाहरण घेऊ. बारा वर्षांचा साठा, प्रत्येक वर्षाची एक रेषा, असा आलेख कोणालाही काढावासा वाटेल. मॅटप्लॉटलिबच्या २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून आपोआप मिळणारे रंग दहा आहेत. अकरावी रेषा पुन्हा निळी होते, बारावी पुन्हा नारिंगी. सूचीत दोन निळ्या, दोन नारिंगी! नियमाप्रमाणे सूची आहे, पण ती काही सांगत नाही. अशा वेळी अकरा वर्षांच्या रेषा फिक्या करड्या ठेवाव्यात, ज्या वर्षाबद्दल बोलायचे आहे तेवढीच ठळक करून तिच्या टोकाशी वर्ष लिहावे. सूची लागतच नाही.

रंगांचा आणखी एक प्रश्न शाळेत रोजचा आहे. आलेख पडद्यावर रंगीत असतो, मुलांच्या हाती मात्र त्याची झेरॉक्स पडते. तीत लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट होतात. शिवाय काही मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना बऱ्याच अधिक प्रमाणात, लाल आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही. हा मुलगा 'आलेखात कच्चा' ठरतो आणि कच्चा असतो तो आलेख. रेषा अखंड, तुटक, ठिपक्यांची अशी वेगळी काढली, तर रंग गेला तरी ओळख राहते.

आवक आणि दर एकाच आलेखात दाखवायचे झाले तर डावीकडे क्विंटल आणि उजवीकडे रुपये असे दोन अक्ष घ्यावे लागतात. या संचात दोन अक्षांच्या रेषा वेगळ्या धरल्या जातात. सूचीची आज्ञा एकाच अक्षाला दिली तर दुसऱ्या अक्षावरची रेषा सूचीत येतच नाही. वाचक दराची रेषा ओळखतो आणि आवकेच्या रेषेलाही रुपयांत मोजू लागतो. खरे तर येथे एकाखाली एक दोन वेगळे आलेख काढणे सर्वांत बरे.

मराठी शाळांपुढे याहून वेगळी अडचण आहे. या संचाच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. सूचीत नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरीचा फॉन्ट दिला तरी अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. कंटाळून मुले इंग्रजी नावे लिहितात, किंवा तक्ता गणिताच्या तयार संगणक-पानावर काढतात. तेथे नाव दिले नाही तर सूचीत 'सिरीज एक', 'सिरीज दोन' असे छापून येते आणि तसेच भिंतीवर लागते. माझा सल्ला साधा आहे : संगणकाकडून नुसत्या रेषा काढून घ्याव्यात, कागदावर छापाव्यात आणि नावे पेनाने लिहावीत. त्यात कमीपणा काही नाही.

नाव रेषेवरच

ही सूचना माझी नाही, दोनशेहून अधिक वर्षे जुनी आहे. काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचे रेषालेख रूढ करणारा विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ. तरुणपणी त्याने जेम्स वॉटकडे आरेखक म्हणून काम केले होते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख आहेत. त्यांत आयातीच्या रेषेच्या कडेकडेने 'आयातीची रेषा' आणि निर्यातीच्या रेषेच्या कडेने 'निर्यातीची रेषा' असे लिहिलेले आहे. दोन रेषांमधल्या जागेतही व्यापाराचा तोल कोणाच्या बाजूला आहे ते लिहिले आहे. वाचकाला कोठे जावे लागत नाही. पुढे संगणक आला. वाकड्या रेषेच्या कडेने अक्षरे लिहिणे त्याला अवघड, चौकट काढणे सोपे. यंत्राची सोय हळूहळू आपला नियम झाली.

नाशिककरांना तर हे तत्त्व सांगायलाच नको. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे आपण कसे सांगतो? दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. मोजपट्टी पाण्यातच उभी आहे आणि तिच्यावरच्या खुणांची नावे लहान मुलालाही ठाऊक आहेत.

संगणकावरही हे जमते. रेषा काढून झाली की तिचा शेवटचा दिनांक आणि शेवटची किंमत घ्यायची आणि त्या बिंदूशी, त्याच रंगात, नाव लिहिण्याची आज्ञा द्यायची. दोनतीन ओळींचे काम. दोन रेषा शेवटी जवळ आल्या तर नावे एकमेकांवर चढतात. तेथे एखादे नाव थोडे वर सरकवावे, किंवा रेषा जेथे दूर आहेत तेथे मध्येच लिहावे.

याचा अर्थ सूची हद्दपार करावी असा नाही. एकाच पानावर चार बाजारांचे चार लहान आलेख असतील आणि प्रत्येकात त्याच तीन रेषा असतील, तर वर एकदाच सूची देणे योग्य. किमान, कमाल व सर्वसाधारण दरांच्या रेषा फार दाट झाल्या तरी सूची बरी. मात्र तिच्यातील नावे रेषांच्या वरखाली असण्याच्या क्रमानेच असावीत : कमाल वर, सर्वसाधारण मध्ये, किमान खाली. आणि एकच रेषा असेल तर सूची व्यर्थ. तिचे नाव शीर्षकातच येते.

गुण कशाचे द्यायचे?

माझी खरी तक्रार संगणकाबद्दल नाही, आपल्या तपासण्याबद्दल आहे. शीर्षक आहे, गुण द्या. प्रमाण आहे, गुण द्या. सूची आहे, गुण द्या. सूची खरी आहे का, हे कोण पाहते? सूची हे एक विधान आहे : 'ही रेषा अमक्याची आहे.' विज्ञानात कोणतेही विधान तपासल्यावाचून स्वीकारत नाहीत, मग हेच तेवढे का सुटावे?

तपासणे अवघडही नाही. मूळ वहीतला एक आकडा घ्यावा आणि तो त्या नावाच्या रेषेवर त्या महिन्यात सापडतो का ते पाहावे. 'किमान' नावाची रेषा 'कमाल'च्या वर गेली असेल तर नावे उलटी आहेत, हे आकडे न पाहताही कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या विषयात ज्याचे हात राबले आहेत त्याला आलेख दाखवावा. कांद्याचा शेतकऱ्याला, पाण्याचा पाटकऱ्याला.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना आलेख दाखवताना सूची कागदाच्या तुकड्याने झाका आणि विचारा : कोणती रेषा कोणाची असेल, आणि का? मुले पीक कधी येते, पाऊस कधी पडतो, धरण कधी भरते यांचा विचार करू लागतील. मग कागद काढा. सूचीचे आणि मुलांचे जमले तर छान. जमले नाही, तर कोण चुकले ते शोधण्यात तासिका सत्कारणी लागेल.

त्या मुलींनी दुपारपर्यंत आज्ञावली दुरुस्त करून नवा आलेख लावला. त्यात चौकट नव्हती; दोन्ही रेषांच्या टोकांशी निळ्या पेनाने 'लाल' आणि 'उन्हाळ' लिहिले होते. ते पालक जाताना पुन्हा थांबले, एकदा जुलैवर आणि एकदा डिसेंबरवर बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "आता बरोबर." मी माझी गुणपत्रिका मागवून घेतली आणि त्या मुलींचे गुण वाढवले. माझे स्वतःचे किती कापावेत, हे अजून ठरवलेले नाही.